उसन्या भांड्यांचा हिशेब

मोठ्या वाड्यांत लग्नकार्य उरकलें कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं मागच्या पडवींत एक निराळाच समारंभ चालतो. घासून उपडीं घातलेलीं पातेलीं, पराती, तपेलीं, ओगराळीं यांचा ढीग समोर असतो, आणि घरांतली एखादी जाणती बाई प्रत्येक भांडें उलटें करून त्यावर घातलेलें नांव वाचीत असते. आपल्या नांवाचें भांडें कोठीच्या खोलींत जातें, शेजाऱ्यांच्या नांवाचें शेजाऱ्यांकडे जातें, आचाऱ्यानें आणलेलें आचाऱ्याच्या पेटाऱ्यांत जातें. परंतु एखादें भांडें असें निघतें कीं त्यावर नांवच नाहीं. तें कोणाला द्यावें हें कळत नाहीं, आणि टाकून देण्याचा धीर होत नाहीं. मग तें फळीवर पडून राहतें. दर कार्याला असें एक एक भांडें वाढत गेलें तर एक दिवस कोठींत पाय ठेवायलाही जागा उरणार नाहीं.

आज ज्या विषयाचा इतिहास मी सांगणार आहें, तो दिसण्यांत अतिशय रुक्ष आहे. संगणकावर अहोरात्र चालणाऱ्या डेटाबेस सर्व्हरच्या पोटांत परक्यांनीं लिहिलेल्या लायब्रऱ्या बसविल्या म्हणजे मेमरीची जी गळती होते, ती कशी शोधली गेली आणि कशी बुजविली गेली, हा तो विषय. पण खरें पाहतां त्यांतला सारा प्रश्न पडवींतल्या त्या नांव नसलेल्या भांड्याचाच आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. डेटाबेस सर्व्हर म्हणजे माहितीचा कोठावळा. बँकेंतील खातीं, रुग्णालयांतील नोंदी, दुकानांतील माल यांचे तपशील तो सांभाळतो आणि विचारणाऱ्याला काढून देतो. लायब्ररी म्हणजे येथें ग्रंथालय नव्हे, तर इतरांनीं लिहून ठेवलेला तयार आज्ञावलींचा संच, जो आपल्या कामांत जसाच्या तसा जोडून घेतां येतो. आणि गळती हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. नळ गळतो तेव्हां पाणी बाहेर जातें. मेमरी गळते तेव्हां बाहेर कांहींच जात नाहीं. मागून घेतलेली जागा काम संपल्यावर परत केली जात नाहीं, इतकेंच घडतें. थेंबें थेंबें तळें साचे, ही म्हण आपण काटकसरीच्या कौतुकासाठीं वापरतों; येथें ती उलट्या अर्थानें खरी ठरते.

घरांतील संगणकावर असा थेंब साचला तर फारसें बिघडत नाहीं. आज्ञावली बंद केली कीं तिनें घेतलेली सारी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम परत काढून घेते. पण सर्व्हर महिनोन्‌महिने बंद होत नाहीं. लिनक्स यंत्रावर मेमरी संपत आली म्हणजे यंत्रणा एखादी प्रक्रिया निवडून तिला तत्क्षणीं ठार करते. पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरांत प्रत्येक जोडणीसाठीं स्वतंत्र प्रक्रिया असते खरी. पण त्यांपैकीं एक जरी अशी अकस्मात् मारली गेली, तरी सामाईक मेमरी बिघडली असेल या शंकेनें मुख्य प्रक्रिया बाकीच्या साऱ्या जोडण्या तोडते आणि पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करते. म्हणजे एका कोपऱ्यांत कोणीं एकानें न परतविलेल्या भांड्यापायीं भर पंगतींतून सर्वांनाच उठावें लागतें. हें लक्षांत घेतलें म्हणजे गळतीच्या मागें लोक वर्षानुवर्षें कां लागले, तें कळून येईल.

आतां इतिहासाकडे वळूं. वापरून झालेली मेमरी यंत्रानेंच हुडकून गोळा करावी, ही कल्पना जॉन मॅकार्थी यांनीं लिस्प भाषेसाठीं मांडली आणि ती १९६० सालीं प्रसिद्ध झाली. परंतु बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास घडविलेल्या सी भाषेनें हा मार्ग पत्करला नाहीं. सी मध्यें जागा मागण्यासाठीं मॅलॉक आणि परत करण्यासाठीं फ्री अशा दोन आज्ञा आहेत. कधीं मागावें आणि कधीं परत करावें ही जबाबदारी सर्वस्वीं लिहिणाऱ्याची. या मोकळीकीमुळें सी वेगवान झाली, आणि याच मोकळीकीमुळें विसरण्याला वाव राहिला.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारांत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखालीं पोस्टग्रेसचें काम १९८६ सालीं सुरू झालें. प्रारंभीं त्याचा कांहीं भाग लिस्पमध्यें व कांहीं सी मध्यें होता. पुढें सारें सी मध्यें आणण्यांत आलें. या सर्व्हराची मूळ प्रतिज्ञाच अशी होती कीं, वापरणाऱ्याला आपले नवे प्रकार, नवीं फलनें त्यांत घालतां यावींत, आणि तीं सर्व्हराच्या प्रक्रियेंतच चालावींत. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचें तर पाहुण्यांना थेट स्वयंपाकघरांत प्रवेश. हें औदार्य पुढें फार उपयोगी पडलें. पण घराच्या शिस्तीची खरी परीक्षाही त्यानेंच घेतली.

पाहुण्यांकडे वळण्यापूर्वीं घरचीच अवस्था पाहिली पाहिजे. १९९६ सालीं या प्रकल्पानें पोस्टग्रेस-क्यू-एल हें नांव घेतलें, तेव्हां मोठ्या प्रश्नाचें उत्तर काढतांना मध्यें मध्यें घेतलेली पुष्कळशी मेमरी प्रश्न संपेपर्यंत मोकळी होत नसे. लाखों ओळी तपासावयाच्या असल्या म्हणजे प्रत्येक ओळीमागें थोडें थोडें साचत जाई. जून २००० मध्यें टॉम लेन यांनीं या व्यवस्थेची फेरमांडणी सुचविली व ती एप्रिल २००१ मध्यें बाहेर पडलेल्या ७.१ या आवृत्तींत आली. तिचें सार असें. प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगवेगळा ठेवण्याऐवजीं कार्यागणिक एक एक ‘मेमरी कॉन्टेक्स्ट’ करावा. त्या कामासाठीं जें जें घ्यावयाचें तें त्याच कॉन्टेक्स्टांतून घ्यावें. आणि काम झालें कीं सारा कॉन्टेक्स्ट एकदम मोडावा. मांडव काढला कीं त्याखालचें सारेंच उचललें जातें, तसें. एका मोठ्या मांडवाच्या पोटांत लहान मांडव घालतां येतात. एक ओळ तपासण्यापुरता एक, एका प्रश्नापुरता एक, एका व्यवहारापुरता एक.

या योजनेची खरी थोरवी चुकीच्या प्रसंगीं दिसते. प्रश्न सोडवितां सोडवितां मध्येंच कांहीं चूक आढळली, तर पोस्टग्रेस तेथल्या तेथें काम टाकून एकदम मागच्या सुरक्षित ठिकाणीं उडी घेतो. मधल्या ज्या दहा पायऱ्या ओलांडल्या जातात, त्यांना आवराआवर करण्याची संधीच मिळत नाहीं. पण ती मिळण्याची गरजही नसते. कारण मांडव मोडला कीं त्यांनीं घेतलेलें सारें आपोआप परत येतें. घरच्या माणसांना हळूहळू या सोयीची इतकी संवय झाली कीं वस्तु परत ठेवावी लागते याचाच जणूं विसर पडला.

आणि येथेंच पाहुण्यांचा प्रश्न उभा राहतो. परकी लायब्ररी आपली मेमरी पोस्टग्रेसच्या मांडवांतून घेत नाहीं. ती थेट मॅलॉककडे मागते. तिच्या भांड्यांवर आपलें नांव नसतें. मांडव मोडला तरी तीं तेथेंच राहतात. सर्व्हरानें चुकीच्या प्रसंगीं उडी मारली कीं ‘हें परत कर’ असें लायब्ररीला सांगणारी ओळच ओलांडली जाते. म्हणून अशा गळत्या पुष्कळदां सरळ मार्गावर सांपडत नाहींत. त्या चुकीच्या मार्गावर दबा धरून बसलेल्या असतात.

या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद प्रसंग लिब-एक्स-एम-एल-२ या लायब्ररीचा आहे. एक्स-एम-एल या लेखनपद्धतीचा अन्वय लावणारी ही लायब्ररी डानिएल व्हेयार यांनीं ग्नोम प्रकल्पासाठीं लिहिली. फेब्रुवारी २००८ मध्यें निघालेल्या पोस्टग्रेसच्या ८.३ या आवृत्तींत एक्स-एम-एल हा प्रकार समाविष्ट झाला, तो याच लायब्ररीच्या आधारावर. या लायब्ररींत एक सोय होती : मेमरी मागण्याच्या व परत करण्याच्या आज्ञा पाहिजे तर यजमानानें आपल्या पुरवाव्या. पोस्टग्रेसच्या लोकांना हें आयतेंच वाटलें असल्यास नवल नाहीं. त्यांनीं मॅलॉकच्या जागीं आपल्या आज्ञा दिल्या, लायब्ररीसाठीं एक स्वतंत्र कॉन्टेक्स्ट केला, आणि काम संपलें कीं तो मोडावयाचा असें ठरविलें. पाहुण्याच्या हातीं आपलींच नांव घातलेलीं भांडीं दिलीं, म्हणजे गळतीचा प्रश्नच मिटला!

पण मिटला नाहीं. दोन गोष्टी आड आल्या. पहिली अशी कीं ही लायब्ररी कांहीं रचना एकदां तयार करून पुढच्या वेळीं कामाला येतील म्हणून जपून ठेवते. यजमानानें मांडव मोडला कीं त्या रचनेखालची जमीनच जाते, पण लायब्ररीला त्याची वार्ता नसते. दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. पोस्टग्रेसच्या त्याच प्रक्रियेंत पर्ल भाषेचा दुभाष्याही चालूं शकतो, आणि पर्लमधील एखादा भाग हीच लायब्ररी वापरीत असतो. एका प्रक्रियेंत लायब्ररीची प्रत एकच, आणि मेमरीच्या आज्ञा कोणत्या हें सांगणारी पाटीही एकच. पोस्टग्रेसनें ती पाटी बदलली कीं पर्लच्या वाट्याची मेमरीही पोस्टग्रेसच्या कॉन्टेक्स्टांतून जाऊं लागे. आणि पाटी पूर्ववत् केली तर एका कोठींतून घेतलेलें भांडें दुसऱ्या कोठींत परत करण्याचा प्रसंग येई. परिणाम एकच : सर्व्हर कोसळणें. गळती थांबविण्यासाठीं केलेला उपाय गळतीहून घातक ठरला.

या मांडणींत पुन्हां पुन्हां फेरफार करून पाहण्यांत आले. अखेर मे २००९ मध्यें टॉम लेन यांनीं तो विचारच सोडून दिला. लायब्ररीला तिचें मॅलॉक खुशाल वापरूं द्यावें. मात्र पोस्टग्रेसच्या बाजूनें जेथें जेथें तिच्याकडून कांहीं घेतलें जातें, तेथें तेथें सभोंवार कुंपण घालावें. चूक झालीच तर उडी मारण्यापूर्वीं कुंपणापाशीं थांबावें, पाहुण्याची वस्तु हातानें परत करावी, आणि मग पुढें जावें. ही मांडणी जुलै २००९ मध्यें निघालेल्या ८.४ या आवृत्तींत आली. ती दिसायला सुंदर नाहीं. जेथें एका आज्ञेनें काम भागत होतें तेथें पांच पांच ठिकाणीं पहारा ठेवावा लागला, आणि एक जरी जागा विसरली तरी गळती ठरलेली.

तरीही हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. समोर दोन मार्ग होते. पहिला सोपा होता, पण त्यांत तिसऱ्याच माणसाचा, म्हणजे त्या पर्लवाल्याचा, बळी जात होता. दुसरा कष्टाचा होता, पण त्यांतल्या चुकीचा भुर्दंड आपला आपल्यालाच पडणार होता. त्यांनीं दुसरा पत्करला. शिवाय पहिला उपाय सर्वस्वीं फेंकूनही दिला नाहीं. केवळ तपासणीच्या वेळीं लायब्ररीची सारी मेमरी एका वेगळ्या कॉन्टेक्स्टांत वळवितां येईल अशी सोय त्यांनीं शिल्लक ठेवली, आणि प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरावर ती चालूं नये असें बजावून ठेवलें. रोग बरा करण्याला अपात्र ठरलेली वस्तु रोग ओळखण्याच्या कामीं मात्र उत्तम ठरली.

दुसरें उदाहरण नकाशांचें. पोस्टजीआयएस ही पोस्टग्रेसला भूगोल शिकविणारी जोड २००१ सालीं कॅनडांतून निघाली. क्षेत्रें एकमेकांना छेदतात कीं नाहीं असले किचकट प्रश्न ती जीओज या लायब्ररीकडे सोंपविते. ही जीओज जावा भाषेंतील एका लायब्ररीचा सी-प्लस-प्लस भाषेंतील अवतार होय. जावामध्यें वापरलेली मेमरी गोळा करणारा झाडूवाला भाषेबरोबरच येतो. सी-प्लस-प्लसमध्यें तसा कोणी नाहीं. त्यामुळें मुळांत जेथें ‘ही वस्तु कोणाची?’ हा प्रश्न कधीं कोणीं विचारलाच नव्हता, तेथें तो पदोपदीं विचारावा लागला, आणि जीओजच्या प्रारंभींच्या आवृत्त्यांत गळत्या बुजविण्याचें पुष्कळ काम पडलें.

पुढें २००९ सालीं पोस्टजीआयएसच्या १.४ आवृत्तींत एकदां तयार केलेली आकृति पुढच्या ओळींसाठीं जपून ठेवण्याची युक्ति आली. तिनें वेग वाढला, पण आकृति जीओजच्या मेमरींत आणि तिची आठवण पोस्टग्रेसच्या कॉन्टेक्स्टांत, अशी ताटातूट झाली. कॉन्टेक्स्ट मोडला कीं जीओजला निरोप कोण देणार? तशी सोय पोस्टग्रेसमध्यें तेव्हां नव्हती. मग पोस्टजीआयएसच्या कर्त्यांनीं एक तोतया कॉन्टेक्स्ट उभा केला. तो मेमरी देत नसे. मात्र थोरला मांडव मोडतांना त्याच्यावरही घाव पडे, आणि त्या घावाच्या वेळीं तो जीओजची आकृति नष्ट करी. ही चातुर्याची पण आडमार्गाची तऱ्हा होती. ‘हा कॉन्टेक्स्ट मोडाल तेव्हां मला हांक मारा’ असें राजरोस सांगण्याची व्यवस्था पोस्टग्रेसच्या ९.५ या आवृत्तींत आली, आणि ती आवृत्ति जानेवारी २०१६ मध्यें निघाली.

आतां गळती शोधावी कशी, हें थोडक्यांत सांगतों. पहिली पायरी हिशेब जुळविण्याची. प्रक्रियेनें एकंदर किती मेमरी धरली आहे हें ऑपरेटिंग सिस्टिम सांगते. त्यांतली कॉन्टेक्स्टांच्या नांवावर किती आहे हें पोस्टग्रेस सांगतो. पूर्वीं ही यादी काढण्यासाठीं चालत्या प्रक्रियेला डीबगर लावावा लागे. २०२१ सालच्या १४ व्या आवृत्तीपासून साध्या आज्ञेनें ती मिळते. दोन्ही आंकडे एकदम वाढत असतील तर चोर घरचा. एकंदर आंकडा फुगतो आहे पण कॉन्टेक्स्टांची बेरीज जागच्या जागीं आहे, असें दिसलें तर संशय पाहुण्यावर जातो.

दुसरी पायरी साचणें आणि जपणें यांतला भेद ओळखण्याची. तेंच काम हजार वेळां, मग दहा हजार वेळां करून पाहावें. जपून ठेवलेली वस्तु प्रारंभीं जागा घेते आणि मग वाढ थांबते. गळती मात्र प्रत्येक फेरीला सारखीच वाढत जाते. हाच प्रयोग मुद्दाम चुकीचें लेखन देऊनही केला पाहिजे. कारण वर सांगितल्याप्रमाणें पुष्कळशा गळत्या चुकीच्या वाटेवरच असतात.

तिसरी पायरी साक्षीदार बोलाविण्याची. २००२ सालीं ज्यूलियन सेवर्ड यांनीं प्रसिद्ध केलेलें व्हॅलग्रिंड हें साधन प्रत्येक मॅलॉकवर नजर ठेवतें आणि शेवटीं कोणतें भांडें कोणत्या वाटेनें आलें व परत गेलें नाहीं, याची यादी देतें. त्याच्या देखरेखीखालीं काम कित्येक पट सावकाश चालतें, म्हणून तें प्रयोगशाळेंतच वापरावयाचें. पोस्टग्रेसच्या कॉन्टेक्स्टांची भाषा त्याला समजावी अशी तरतूद २०१३ सालीं करण्यांत आली. कारण घाऊक घेऊन किरकोळ वाटणाऱ्या या व्यवस्थेचें वर्म बाहेरच्याला कळत नव्हतें.

एवढ्या अनुभवानंतर तरी हा प्रश्न संपला असेल असें कोणाला वाटेल. पण २०१८ च्या ११ व्या आवृत्तींत प्रश्नांचें यंत्रभाषेंत तात्काळ रूपांतर करण्यासाठीं एल-एल-व्ही-एम ही अवाढव्य लायब्ररी घरांत आली, आणि तोच नाटकाचा प्रयोग पुन्हां झाला. फलनें एकमेकांत मिसळतांना या लायब्ररीच्या अंतर्गत कोठारांत प्रकारांच्या नोंदी सांचत, आणि तें कोठार जोडणी तुटेपर्यंत मोडलें जात नसे. जोडणी थोडा वेळ चालणारी असली तर कोणाच्या लक्षांतही येत नसे. पण हल्लीं जोडण्या खुल्या ठेवून त्याच पुन्हां पुन्हां वापरण्याचा प्रघात असल्यामुळें तीं कोठारें फुगत गेलीं. २०२३ मध्यें त्यावर उपाय निघाला : शंभर वेळां वापरून झालें कीं जुनें कोठार मोडावें व नवें करावें, मात्र कोणी तें वापरीत असतांना त्याला हात लावूं नये. पाहुण्याची संवय बदलतां येत नाहीं, तर त्याची खोलीच ठराविक मुदतीनें झाडून घ्यावी, असा हा तोडगा.

श्रोते हो, या इतिहासांत चतुर युक्त्या पुष्कळ आल्या; पण टिकल्या त्याच, ज्यांत प्रत्येक वस्तु कोणाची आणि ती कोणीं, कधीं परत करावयाची, हें स्पष्ट ठरलें होतें. पाहुण्याच्या भांड्यांवर आपलें नांव घालून हा प्रश्न सुटला नाहीं. लग्नघरांतली ती जाणती बाईही तसें करीत नाहीं. ती एक एक भांडें उलटें करते, नांव वाचते आणि ज्याचें त्याला पोंचवून देते. तिच्या त्या सकाळच्या कामाची दखल कोणी घेत नाहीं. पण पुढच्या कार्याच्या वेळीं कोठीचें दार उघडलें कीं आंत जागा असते, ती तिच्यामुळेंच.